तू काय, रिकामीच आहेस

हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात सगळी नोकरी काढून ताई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात अधीक्षक म्हणाले, "बाईंनी जन्मभर लोकांना श्वास रोखून धरायला लावला, आता त्यांनी स्वतः मोकळा श्वास घ्यावा." सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी फुलं घेतली, केकचा तुकडा खाल्ला, शिशाचा जड एप्रन खुंटीला अडकवला आणि कुणाच्या गळ्यात न पडता घरी आल्या.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "तुमचं बघितलं म्हणून." त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. खिडकीखाली बसचा थांबा. निवृत्तीनंतर त्यांनी घड्याळाचा गजर बंद केला तो कायमचा. मनाला येईल तेव्हा उठायचं, चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचं आणि खाली बसमागे धावणारी माणसं बघायची, हा त्यांचा सगळ्यात आवडता कार्यक्रम. एखाद्याची बस डोळ्यादेखत सुटली की त्या दिवशी चहा जास्तच गोड लागे.

आणखी एक सुख होतं, ते म्हणजे खुर्ची. मागे रेललं की पाय आपोआप वर उचलणारी, कातडी, तपकिरी रंगाची. ताईंनी ती हौसेने घेतली होती आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. पाहुणा आला तर त्याला लाकडी स्टूल मिळे आणि पाहुणा लवकर जाई.

त्यांना मैत्रीण अशी एकच. ऑपरेशन थिएटरमधून त्याच वर्षी निवृत्त झालेली नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत, ताईही सिस्टरच म्हणत. दोघींचं पटायचं कारण सोपं होतं, दोघींना तीच ती माणसं आवडत नसत. आठवड्यातून तीन सकाळी दोघी सार्वजनिक तलावावर पोहायला जात आणि पाण्यात उभं राहून जुन्या डॉक्टरांची निंदा करत.

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग बाळ आला.

बाळ म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. साठी उलटली होती, टक्कल पडलं होतं, टायरच्या कंपनीत मोठा साहेब होऊन तोही नुकताच निवृत्त झाला होता, पण घरात तो बाळच. एका रविवारी दुपारी त्याने बेल वाजवली. ताईंनी दार उघडलं तर दारात बाळ, त्याच्यामागे जिना चढून धापा टाकणारी त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये, हातात काठी आणि कपाळावर आठ्या घेऊन आई. आईच्या पायाशी सूटकेस.

"घराचं काम काढलंय," बाळ म्हणाला. "सगळीकडे धूळ. आईला खोकला होतो. दोनेक महिन्यांचा प्रश्न आहे, ताई."

"मग तुम्ही दोघं कुठे राहणार?"

"आम्ही काय, धुळीतच."

"मग आईचंच काय बिघडलं? तिने तर तुला वाढवलंय, धूळ काय चीज आहे."

भावजय मधाळ आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हालाही सोबत होईल. एकट्याच असता ना."

"मी एकटी राहावं म्हणून एकटी राहते."

बाळने मग तो शब्द काढला. "अगं, आम्हाला हजार व्याप आहेत. तू काय, रिकामीच आहेस."

एवढ्या वेळात आई आत गेली होती. बाहेर हे तिघं भांडत असताना तिने दोन्ही खोल्या बघितल्या, स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडून वास घेतला आणि येऊन तपकिरी खुर्चीत बसली. रेलली. पाय वर आले.

"हे बरंय," आई म्हणाली. "बाकी घराला कोंदट वास येतोय."

नव्वदी ओलांडलेल्या माणसाला खुर्चीतून ओढून काढता येत नाही. ताईंनी मागे वळून बघितलं, तर बाळ आणि भावजय जिना उतरूनही गेले होते.

पहिल्या दिवसापासून युद्ध सुरू झालं. आई उजाडायच्या आत उठायची. उठली की रेडिओ लावायची, आणि तिला ऐकू कमी येत असल्याने तो खालच्या थांब्यावरच्या लोकांनाही ऐकू जायचा. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते ती ताई बोलायला लागल्या की बंद करून ठेवायची, "बॅटरी वाचवते" म्हणून.

"आई, मी निवृत्त झालेय. मला झोपू दे."

"काय?"

"झोपू दे म्हणतेय!"

"झोप की. मी कुठे धरून ठेवलंय? पण उन्हं आल्यावर लोळणाऱ्या बाईला चरबी चढते. चढलीच आहे."

ताई ब्रेडला लोणी लावायला लागल्या की आई लोण्याकडे बघायची आणि मग ताईंच्या कमरेकडे. संध्याकाळी बाहेर निघाल्या की विचारायची, "कुठे निघालीस? किती वाजता येणार? बरोबर कोण आहे?" सहासष्टाव्या वर्षी ताईंना जिन्यात उभं राहून आईला सांगावं लागे की मी सिस्टरबरोबर आहे आणि अंधाराच्या आत परत येईन. शाळेत असताना त्यांनी याच प्रश्नांची खोटी उत्तरं दिली होती. आता पुन्हा तीच द्यायला लागल्या.

त्याही काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आईला अळणी सूप द्यायच्या आणि स्वतःच्या ताटात तिच्यासमोर खारवलेले काजू घ्यायच्या. आईच्या आवडत्या कार्यक्रमाच्या वेळी नेमका व्हॅक्यूम क्लीनर काढायच्या. खुर्चीवरून तर रोज झटापट. आई बाथरूमला गेली की ताई खुर्चीत बसायच्या. आई परत येऊन खुर्चीसमोर उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही, फक्त काठीवर रेलून हळूहळू थरथरायला लागायची. ताईंना ती थरथर खोटी आहे हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आयुष्यभर खरी थरथरणारी माणसं यंत्रासमोर उभी केली होती. तरी उठावं लागे.

"नाटकी," ताई उठता उठता म्हणायच्या.

"तुझ्यावरच गेलेय," आई म्हणायची.

पोहण्यावरून मात्र प्रकरण घराबाहेर गेलं. आईला एकटीला ठेवायचं नाही, पडली-बिडली तर जबाबदारी तुझी, असं बाळने फोनवरून बजावलं होतं. म्हणून ताई तिला तलावावर घेऊन गेल्या. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, टॉवेल दिला, म्हटलं, "इथेच बस आणि कृपा करून बोलू नकोस."

तलावावर सकाळची वेळ निवृत्त लोकांचीच. आईने दहा मिनिटं सगळ्यांना न्याहाळलं आणि मग यंत्र कानात नीट बसवलं.

"अहो पांढरी टोपी!" ती ओरडली. पांढरी टोपी म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले जज्जसाहेब. "पाय कुठे मारताय? बेडकालासुद्धा याहून बरं येतं!"

जज्जसाहेबांनी पाण्यात दचकून वर बघितलं आणि नाकात पाणी गेलं.

"आणि ती जाडी कोण, दोरीला धरून लोंबकळणारी? अगं, सोड की ती दोरी! बुडून बुडून किती बुडशील? तरंगायला तुझ्याकडे भरपूर आहे!"

"आई!" ताई पाण्यातून ओरडल्या.

"ही माझी मुलगी," आईने सगळ्यांना सांगितलं. "त्या पोहण्याच्या कपड्यात ओळखू येत नसेल, पण माझीच आहे."

फक्त सिस्टर हसली. ती काठापाशी पोहत आली आणि म्हणाली, "मावशी, फार कळतं ना, तर उतरा पाण्यात. नाहीतर तोंड मिटा."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. "तुझं नाक केवढं आहे गं," ती म्हणाली, पण त्यानंतर अर्धा तास गप्प बसली.

पुढच्या आठवड्यात तलावाच्या व्यवस्थापकाने ताईंना बाजूला बोलावलं. जज्जसाहेबांनी तक्रार केली होती. प्रेक्षकांना परवानगी नाही, असं तो म्हणाला. ताई म्हणाल्या की ती प्रेक्षक नाही, माझी आई आहे. तो म्हणाला, तेच तर.

परत येताना रस्त्यात दोघींचं जोरदार वाजलं. लोक थांबून बघायला लागले.

"एक गोष्ट होती माझी! एक!" ताई म्हणाल्या. "तीही नासवलीस. सगळा जन्म लोकांच्या मोडक्या बरगड्या बघण्यात गेला, म्हटलं आता चार दिवस सुखाचे काढू, तर तू माझ्या उरावर!"

"मी आले का तुझ्या उरावर? मला आणून टाकलं. सूटकेससारखं. सूटकेसला तरी चाकं असतात."

"मग बाळला सांगायचं होतं की नाही जात म्हणून!"

"तू सांगितलंस का त्याला नाही ठेवत म्हणून?"

ताई भराभर पुढे चालायला लागल्या. आई मागे राहिली. चौकात सिग्नलला ताईंना थांबावं लागलं, मागे वळून बघावं लागलं, आणि परत जाऊन तिचा दंड धरावा लागला. तो त्यांनी जरा जोरातच धरला.

दोन महिन्यांचे सहा झाले. बाळला विचारलं की सांगायचा, सुतार पळाला. मग म्हणाला, फरशी चुकीची आली. मग म्हणाला, रंग वाळत नाही. ताई म्हणाल्या, "कसला रंग आहे, डांबर आहे का?" तेव्हा त्याने दुसरा फोन येतोय सांगून ठेवून दिला.

त्याच सुमारास सिस्टरने समुद्रावर जायचं काढलं. चार दिवस, बसने, किनाऱ्यावरची एक साधी खाणावळ, वर राहायच्या खोल्या. ताईंनी लगेच हो म्हटलं आणि त्या संध्याकाळी बाळला फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. आई खुर्चीत डोळे मिटून पडली होती.

"बाळ, चार दिवस आईला घेऊन जा. मी बाहेरगावी जातेय."

"कधी?"

ताईंनी सांगितलं.

"अरेरे," बाळ म्हणाला. "नेमकं तेव्हाच आम्ही डोंगरावर चाललोय. हॉटेल ठरलंय. गाडीने जाणार. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दोघं निघतोय गं. तू पुढे ढकल ना."

"मी का ढकलू? तू ढकल."

"अगं, तुला काय, कधीही जाता येईल. तू रिकामीच आहेस. आणि समुद्र कुठे पळून चाललाय?"

"डोंगर पळून चाललाय का?"

"ताई, असं बघ. आईला आता काय कळतंय कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही? तिला वेळेवर खायला दिलं की झालं. तुझ्याकडे रुळलीय ती."

ताईंनी फोन बंद केला. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. वळून बघतात तर आईचे डोळे उघडे होते आणि यंत्र कानात होतं.

आईने रेललेली खुर्ची सरळ केली. मग आई म्हणाली, "माझी सूटकेस काढ."

"कशाला?"

"कशाला काय? भरायला. त्याला डोंगरावर कधी निघायचंय?"

"शनिवारी सकाळी."

"मग आपण शनिवारी सकाळी त्याच्या दारात असायचं. तो निघायच्या आधी. आणि माझा लोकरीचा कोट वर ठेव. डोंगरावर थंडी असते."

ताईंनी आईकडे बघितलं. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना आईचा एक शब्दही खोडून काढावासा वाटला नाही.

शनिवारी दोघी टॅक्सीने निघाल्या. वाटेत आई टॅक्सीवाल्याच्या चालवण्याला नावं ठेवत होती आणि ताई तिला दुजोरा देत होत्या. टॅक्सीवाल्याने दोघींना पोचवून सुटकेचा नि:श्वास टाकला.

बाळच्या घरासमोर गाडी उभी होती, मागचा दरवाजा उघडा, आत बॅगा. भावजय मोठी हॅट घालून दारात उभी. ताई आणि आई फाटकातून आत येताना बघून तिने हॅट काढली आणि परत घातली.

"ताई? आई? अहो, हे काय अचानक?"

"आईला खोली दाखव," ताई म्हणाल्या. "दमलीय ती."

"खोलीचं काम अजून..."

पण आई काठी टेकत आत गेली होती. ताई तिच्यामागे. घर लख्ख होतं. फरशी चकचकीत, रंग वाळलेला, धुळीचा कण नाही. गेल्या सहा महिन्यांत या घरात एकही सुतार फिरकला नव्हता हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. आई बोळातून सरळ शेवटच्या खोलीकडे गेली. तिची खोली. खिडकीपाशी तिची लोखंडी खाट असे, खाटेशेजारी कपाट.

दार उघडलं. खाट नव्हती. कपाट नव्हतं. खोलीच्या मधोमध पळायचं यंत्र होतं, काळं, नवंकोरं, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात दारात उभी असलेली आई दिसत होती, आणि तिच्यामागे ताई, आणि त्यांच्याही मागे हातात किल्ल्या घेऊन आलेला बाळ.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला," बाळ म्हणाला. "रक्तदाब..."

"खाट कुठाय?" आईने विचारलं.

"दिली. म्हणजे, जुनीच होती ती. गंजली होती."

 ताईंना वाटलं होतं की आई आता काठी उगारेल, निदान शिव्या तरी घालेल. पण ती नुसती आरशाकडे बघत उभी राहिली. तिच्या त्या नेहमीच्या खोट्या थरथरीतलं काहीच आता दिसत नव्हतं. ती अगदी स्थिर होती. ते बघून ताईंना इतका राग आला की त्या बाळवर धावून गेल्या.

"नालायका! तुझ्यासाठी तिने रात्री जागवल्या, आणि तू तिची खाट भंगारात दिलीस? चालायला ही पृथ्वी कमी पडते का तुला?"

"तू शहाणपणा शिकवू नकोस! इतकी वर्षं माझ्याकडे होती ती! तू कुठे होतीस? ड्यूटी, ड्यूटी! सहा महिने काय सांभाळलंस, तर लागलीस मिरवायला!"

"सहा महिने मी सांभाळलं, कारण तू खोटं बोललास!"

"मी सरळ विचारलं असतं तर घेतलं असतंस तिला?"

"नसतं घेतलं!"

"मग!"

भावजय मध्ये पडली, "शेजारी ऐकतायत," आणि दोघंही एकदम तिच्यावर ओरडले, "ऐकू देत!"

या गदारोळात आई खोलीत गेली. तिने आपला ओला टॉवेल, जो टॅक्सीत तिने उकडतंय म्हणून मानेभोवती घेतला होता, तो काढला आणि यंत्राच्या दांडीवर पसरून वाळत घातला. सुरकुत्या काढून, दोन्ही टोकं सारखी करून.

"छान दांडी बसवलीस, बाळ," ती म्हणाली. "उपयोगी आहे."

मग ती सगळ्यांना ओलांडून बाहेर गेली, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि चालकाशेजारी बसली. पट्टासुद्धा स्वतःच लावला.

"आई, हे काय?" बाळ मागे धावला.

"डोंगरावर चाललोय ना आपण?"

"पुढे मी बसते," भावजय रडवेली होऊन म्हणाली. "मला घाटात मळमळतं."

"मागे पिशवी घेऊन बस," आई म्हणाली. "बाळ, उशीर होतोय. ताई, कोट दे इकडे."

ताईंनी खिडकीतून कोट दिला, सूटकेस बॅगांवर कोंबली आणि टपावर थाप मारली. गाडी वळणापर्यंत जाईतो त्या हात हलवत राहिल्या. भावजयीची हॅट मागच्या काचेत चेमटलेली दिसत होती.

समुद्रावरचे चार दिवस ताईंनी एकाही गोष्टीची खंत न करता घालवले. आपल्याला वाईट वाटेल, असं त्यांना बसमध्ये वाटलं होतं. वाट बघितली, पण नाही वाटलं. सकाळी कितीही वाजता उठल्या. सिस्टरबरोबर छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, लाटांनी पडल्या, एकमेकींच्या केसांतली वाळू काढली आणि शेजारच्या टेबलावर रोज सकाळी प्राणायाम करणाऱ्या जोडप्याची यथेच्छ टिंगल केली. "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण," असं त्या जोडप्यातल्या नवऱ्याने हसतमुखाने येऊन सांगितलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "मग जा, खेळा तिकडे."

बाळचे फोन येत होते. त्यांनी घेतले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी घेतला.

"ताई, तू माणूस आहेस का कोण आहेस?" बाळचा आवाज बसला होता. "जेवणाच्या हॉलमध्ये तिने सगळ्यांना सांगितलं मी कितव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करत होतो ते. लोक मला बघून हसतात. बायकोने डोकेदुखीने कपाळाला पट्टी बांधलीय. मॅनेजर विचारतोय, तुम्ही उद्या नक्की जाताय ना?"

"कितव्या वर्षापर्यंत सांगितलं?"

"नवव्या."

"खोटं आहे," ताई म्हणाल्या. "अकराव्या." आणि फोन ठेवून त्या इतक्या हसल्या की सिस्टरला पाणी आणावं लागलं.

त्या घरी पोचल्या त्या दुपारीच दारावर धक्के बसायला लागले. ताईंनी दाराच्या भिंगातून बघितलं. बाळ, आई, सूटकेस.

"मी घरी नाही!" त्या आतून ओरडल्या.

"दार उघड!"

"तिची खोली रिकामी कर, यंत्र विक, मग ये!"

बाळ दारावर लाथ मारणार इतक्यात आई म्हणाली, "थांब." ती सूटकेसवर बसली. जिन्याच्या दोन्ही बाजूंची दारं किलकिली झाली होती, त्यांच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

"आता दोघंही ऐका. तू आतून ऐक. मी कुणाकडे राहायचं हे तुम्ही ठरवायचं बंद. तुम्ही दोघं निवृत्त झालात, केक खाल्लेत, फुलं घेतलीत. मला कुणी फूल दिलं नाही, पण मीही आजपासून निवृत्त. मला वाटेल तेव्हा मी इथे राहणार, वाटेल तेव्हा तिथे. आधी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही पळून जाता. दोन्हीकडे माझी खाट हवी. खिडकीपाशी. आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या मला हव्यात."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?" ताईंनी दारामागून विचारलं.

"तर मी या जिन्यात बसते. शेजारी चांगले दिसतायत. त्या हिरव्या दारातल्या बाईला मी आत्ता सगळं पहिल्यापासून सांगते."

हिरवं दार आणखी थोडं उघडलं.

ताईंनी कडी काढली.

तेव्हापासून तसंच चाललं. बाळने यंत्र विकलं नाही, ते दिवाणखान्यात आलं आणि भावजयीने त्यावरून त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. खाट मात्र आली. ताईंकडेही दुसऱ्या खोलीत खाट आली. आई कधी आठ दिवस राही, कधी महिना, कधी दुपारी येऊन संध्याकाळी टॅक्सी बोलावून चालती होई. आई समोर असली की ताई भांडत, गेली की सुस्कारा सोडत, आणि जिन्यात काठीचा आवाज झाला की पुन्हा कंबर कसत. बहीणभावांचं आपसातलं बोलणं एका फोनपुरतं उरलं होतं.

"तिथे आहे का?"

"आहे."

"बरं." की फोन बंद.

एके दिवशी संध्याकाळी बाळचा असाच फोन आला.

"तिथे आहे का?"

"नाही. तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडून परवाच निघाली. तुझ्याकडे जाते म्हणाली."

 दोघंही एकदम बोलायला लागले. तू फोन का केला नाहीस, तू का केला नाहीस, तुझं लक्ष कुठे असतं, तुझं कुठे असतं. बाळ गाडी घेऊन आला. ताई पुढे बसल्या. हॉस्पिटलात बघितलं, तिथल्या जुन्या ओळखीच्यांना विचारलं. तलावाच्या व्यवस्थापकाला विचारलं, तो म्हणाला देवाच्या कृपेने इथे नाही. दोघं सबंध वाटेत एकमेकांना घालूनपाडून बोलत होते, आणि ताईंच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. बाळने दोनदा सिग्नल तोडला. एकदाही ताईंनी त्याला त्याबद्दल टोकलं नाही.

शेवटी सिस्टरला बरोबर घ्यावं म्हणून ताई तिच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. आत गोल टेबलाशी आई बसली होती, समोर सिस्टर, मध्ये पत्ते. शेजारी चहाचे कप. खिडकीपाशी आईची काठी आणि सूटकेस.

"तू!" ताई सिस्टरवर उखडल्या. "परवापासून इथे आहे आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मावशी म्हणाल्या सांगू नको."

"तू माझी मैत्रीण आहेस का तिची?"

"आता काही सांगता येत नाही," सिस्टर म्हणाली.

बाळ दाराच्या चौकटीला टेकला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, आम्ही पोलिसांत जाणार होतो."

"जायचं. फिरणं झालं असतं." आईने एक पान टाकलं. "मला इथे बरं वाटतंय. हिचं माझं काही नातं नाही, त्यामुळे ती उद्धट बोलते आणि मला राग येत नाही. आता आलात तर बसा. चौघं असलं की डाव रंगतो. बाळ, तू ताईच्या शेजारी बसू नकोस. तुम्ही दोघं भांडता."

आणि ती दोघं, एक टक्कल पडलेला आणि एक केस पिकलेली, निमूटपणे टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना बसली.

पहिला डाव आईने जिंकला. दुसराही तिनेच. तिसऱ्या डावात आईने चष्मा पुसण्याचं निमित्त केलं आणि एक पान मांडीखाली सारलं. ताईंनी ते बघितलं. बाळनेही बघितलं.

"आई, पान काढ," ताई म्हणाल्या.

"मांडीखाली आहे," बाळ म्हणाला. "मीही बघितलं."

"कुठे आहे? काही नाही."

"मग उठ."

"उठवत नाही," आई म्हणाली. "गुडघे दुखतायत."

दोघांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचलून बघितलं, पण ती खुर्चीला घट्ट धरून बसली आणि सिस्टर हसून हसून टेबलावर पडली. शेवटी तो डावही तिचाच धरावा लागला.